गेटवर माल आला 3 तारखेला, सिस्टीमला टाकला 22 ला. चूक कुणाची?

तासगावची
मी सांगलीत एमबीए करतेय, फायनान्स. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप नुकतीच संपली, अकौंट्सला होते. कंपनीचं नाव सांगणार नाही, माणसं वाईट नव्हती, रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला देणाऱ्या मॅडम पण तिथल्याच.

एथिक्सच्या पेपरला आम्हाला सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा शिकवला. जानेवारी 2009, कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र, बँकेत नसलेले 5,040 कोटी पुस्तकात दाखवलेले. तेव्हा वाटायचं याचा आपल्याशी काय संबंध. आणि इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला सांगितलं की जॉबवर्कवाल्यांचा, म्हणजे आमचं काम करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचा, माल गेटवर कधी पण येऊ दे, जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद) मी सांगेन त्या तारखेला टाकायचा. गेटच्या वहीत 3 तारीख, मी टाकली 22. कारण 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15 च दिवसांत, आणि दिवस मोजायचे माल पोचला तिथनं. मग पोचायची तारीखच पुढं ढकलायची.

तीन आठवडे मी हे केलं. दर गुरुवारी एका वर्कशॉपवाल्या काकांचा फोन यायचा, मॅडम आपल्या चेकचं तेवढं बघा की, आणि मी सांगायची बिल अजून सिस्टीमला आलं नाही. ते मीच टाकलेलं नसायचं. माझे वडील द्राक्षं करतात, एका वर्षी व्यापारी गाडी भरून घेऊन गेला आणि फोन बंद, तो उन्हाळा आमच्या घरात कसा गेला ते मी बघितलंय. आता फोनच्या दुसऱ्या बाजूला मी बसले होते.

चौथ्या आठवड्यात मी सरांना म्हणलं मी गेटचीच तारीख टाकणार. ते ओरडले नाहीत, ते काम दुसऱ्या मुलाला दिलं आणि मला फायलिंगला बसवलं. मला वाटतं तारीख टाकणाऱ्या शेवटच्या माणसानं नाही म्हणायलाच पाहिजे, इंटर्न असला तरी. तुम्हाला काय वाटतं?

पर्चेसवाला, मूळ गाव विटा
नाही पटत. 14 वर्षं पर्चेसला काढलीत म्हणून बोलतो. आमचा माल पुण्याच्या मोठ्या कंपनीला जातो, ते पैसे देतात 90 दिवसांनी. आम्ही मध्यम उद्योगात बसतो आणि हा उशिराच्या पैशाचा कायदा फक्त सूक्ष्म आणि लघु पुरवठादारासाठी आहे, म्हणजे आम्हाला मिळणार 90 ला आणि द्यायचे 45 ला, मधले 45 दिवस कुठनं आणायचे सांग? बँकेची सीसी लिमिट (उचल घ्यायची मर्यादा) फुल्ल, 7 तारखेला 180 माणसांचा पगार, तो एक दिवस पण पुढं गेलेला चालत नाही, जाऊ पण नये. मग कुणाला तरी थांबवावंच लागतं. तू नाही म्हणालीस, काम शेजारच्या मुलाकडं गेलं, काकांचा चेक एक दिवस तरी लवकर निघाला का? तुझं मन हलकं झालं, बाकी सगळं तिथंच आहे.

तासगावची
नाही निघाला, हे खरं आहे. पण दादा, पैसे नाहीत म्हणून उशीर होणं आणि माल आलाच नाही असं लिहिणं या दोन गोष्टी तुम्ही एकत्र करताय. पहिली मला समजते.

लेथवाला, मिरज
ताई तुझ्या फोनवरचे काका म्हणजे आमच्यासारखेच कुणीतरी. दोन लेथ, एक मिलिंग, चार पोरं कामाला. तुझा राग खरा आहे पण आमच्या वतीनं कायदा काढू नकोस. कायद्यात उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज आहे, महिन्याला चक्रवाढ, हे मला पाठ आहे, आजपर्यंत एक रुपया मागितला नाही, मागितलं की पुढचं ड्रॉइंग, म्हणजे पुढचं काम, दुसऱ्याकडं जातं. 2024 च्या मार्चला इन्कमटॅक्सचं ते 43बी(एच) आलं, आम्हाला वेळेत पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, चांगल्यासाठीच आणलं असंल, पण आमच्या एका पार्टीनं फोन करून सांगितलं उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) रद्द कर नाहीतर काम बंद. मी रद्द केलं नाही. काम गेलं. तेव्हा एका पोराला दोन महिने बसवून ठेवलं घरी, त्याच्या आईसमोर जायला अजून जड जातं.

मला 90 दिवस चालतात, तोंडावर सांगा 90. मी त्या हिशेबानं मटेरियल उचलतो, सोसायटीचा हप्ता लावतो. बिल आलं नाही म्हणून सांगितलं की मी माझ्याच पोरावर संशय घेतो, मालाबरोबरचं डिलिव्हरी चलन दिलंस का हरवलंस म्हणून.

पर्चेसवाला, मूळ गाव विटा
हे शेवटचं मात्र लागलं मला. तोंडावर 90 सांगावं हे मान्य. पण लेखी 90 देता येत नाही ना, करारात पण 45 च्या वर जाता येत नाही, मग माणूस खोटं बोलायला लागतो. वरच्या कंपनीला कोण विचारत नाही, सगळा धडा त्या इंटर्नला आणि आमच्यासारख्या मधल्या माणसाला.

निवृत्त अकौंटंट, विश्रामबाग
कारखान्यात 31 वर्षं हिशेब लिहिले. मुलीचं बरोबर आहे, आणि पर्चेसवाल्यांना सांगतो, राजूंच्या त्या पत्रातच आहे की खरा नफा आणि पुस्तकातला नफा यातला फरक सुरुवातीला किरकोळ होता, वर्षागणिक वाढत गेला. ते किरकोळ आकडे पण कुणीतरी पगारी माणसानंच टाकले असतील. मी स्वतः तरुणपणी साहेबांच्या सांगण्यावरून एक व्हाउचर मागच्या तारखेचं केलं होतं, ऑडिटला कुणी पकडलं नाही, पण पुढच्या वर्षी साहेब विचारायला आले नाहीत, नुसतं टेबलावर ठेवून गेले.

दुसरं. उसाला 1966 च्या आदेशानं 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर 15 टक्के व्याज. तिथं पण उशीर होतोच, पण शेतकरी रस्त्यावर येऊन भांडू शकतो कारण त्याच्या खिशात काटापावती असते, वजन, तारीख, गाडी नंबर सगळं. ऊस कधी आला यावर वादच होत नाही. लेथवाले, तुमच्याकडं काय असतं?

लेथवाला, मिरज
चलनाची कार्बन कॉपी. सही असते सिक्युरिटीची, कधी असते कधी नसते. तारीख आम्हीच घातलेली.

निवृत्त अकौंटंट, विश्रामबाग
मग आपल्या कॉपीवर गेटचा शिक्का आणि त्यांच्या हातची तारीख घ्यायला लागा. व्याज मागू नका, भांडू नका, फक्त शिक्का घ्या. शिवाय मालात खोट काढायची असेल तर त्यांनी 15 दिवसांत लेखी काढायची असते, नाहीतर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो.

तासगावची
सर, गेटवर शिक्का असतो, मी बघितलाय, खिडकीच्या आत निळ्या पॅडजवळ. मागितला तर देतात. कुणी मागत नव्हतं.

लेथवाला, मिरज
उद्या दोन डिलिव्हरी आहेत. पोराला सांगतो शिक्क्याशिवाय गाडी हलवायची नाही.