उपाशीपोटी साखर 108: पुढच्या मधुमेहाची चाहूल म्हणावी का?

कोथरूडकर: माझे वय 41, वजन बेताचे, मात्र वडिलांना मधुमेह आहे. परवा उपाशीपोटी साखर 108 आली. लॅबच्या कागदावर त्या आकड्यापुढे एक बारीक चांदणी छापलेली होती, एवढेच. यावरून पुढचा धोका कितपत कळतो?

उत्तर 1: 100 ते 125 या टप्प्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. एका आकड्यावर न थांबता एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्यावी, कारण ती मागील दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते आणि 5.7 ते 6.4 टक्के आल्यास धोका वाढलेला समजतात.

उत्तर 2: एक पुस्ती जोडतो. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असल्यास एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकते (आमच्या घरी तसे झाले होते), म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी मला अधिक भरवशाची वाटते. तिथे 140 ते 199 ही मधली पायरी. शिवाय बेताच्या वजनावर विसंबू नका: सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबीचे प्रमाण बरेच असते, हे आपल्याच पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. कंबर मोजा; पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

कोथरूडकर: मोजली, 94 भरली. शनिवारी ग्लुकोजची तपासणी करून घेतो.