मदत हवी आहे: वास्तुविशारद केरेंच्या पॅव्हिलियनचं छप्पर मॉडेलमध्ये कसं बसवू?

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या २०१७ च्या सर्पेंटाइन पॅव्हिलियनचं (सर्पेंटाइन गॅलरीचा तात्पुरता उन्हाळी मंडप) १:५० मॉडेल करतेय. बुर्किना फासोतल्या आपल्या गावी माणसं ज्या झाडाखाली जमतात, त्यावरून फ्रान्सिस केरेंनी ही रचना केली.

निळ्या भिंती जमल्या. लाकडी ठोकळे, मधे फटी. अडलंय ते छपरावर. ते मधल्या उघड्या चौकाकडे नरसाळ्यासारखं उतरतं. पावसाचं पाणी तिथे धारेने पडायचं आणि जमिनीतल्या निचऱ्यातून पुढे बागेसाठी वापरता यायचं. माझ्या मते खरं प्रतीक इथेच आहे, झाडाचा नुसता आकार काय, कोणीही काढेल! म्हणून कॉलेजच्या ज्युरीसमोर (परीक्षकांसमोर) वरून पाणी ओतून दाखवायचंय.

ओएचपी शीटचा (पातळ पारदर्शक प्लास्टिक) शंकू करून पाहिला. छप्पर लंबगोल असल्याने वळणावर शीट चुरगळते. पाकळ्या कापून जोडल्या तर सांधे गळतात, आणि फेव्हिक्विकने शीट पांढुरकी पडते. खालच्या बाल्साच्या (हलकं लाकूड) पट्ट्या वरून दिसायलाच हव्यात, त्यामुळे पीओपी किंवा अपारदर्शक लेप नको. पट्ट्यांना लॅकर मारलंय. थ्रीडी प्रिंटला कॉलेजची मनाई आहे; लेझर कटर आणि हीट गन मिळते.

लाकडी साच्यावर पीईटीजी शीट (तापवल्यावर मऊ होणारं पारदर्शक प्लास्टिक) हीट गनने तापवून बसवली तर एकसारखी ताणली जाईल, की व्हॅक्यूम फॉर्मिंगच (तापलेली शीट हवा ओढून साच्यावर बसवणं) लागेल? जाडी किती घेऊ? आणि पाकळ्याच जोडायच्या झाल्या, तर पारदर्शक राहील आणि गळणारही नाही असं कशाने चिकटवू?