सुरीसाठी डी२ पोलाद स्वस्त आहे, पण ओल्या हिवाळ्यात नको
'डी२मध्ये १२ टक्के क्रोमियम असतं, मग गंजेल कशाला?' असं एकाने विचारलंय. गंजतं हो! त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो. बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्येच (कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत) अडकून पडतं, गंज रोखायला उरतं थोडंच. माझी डी२ची सुरी ओल्या चामडी म्यानात रात्रभर राहिली, तर सकाळी धारेलगत तपकिरी ठिपके. (आळस माझाच.)

त्यापेक्षा १४सी२८एन पोलादाची सुरी घ्या: कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, शिवाय किंचित नायट्रोजन. धारही बऱ्यापैकी टिकते. खिसा आणखी हलका असेल तर ४२०एचसी पोलादाची. धार लवकर जाते, पण दगडावर चार हात मारले की परत येते. म्यान मात्र प्लास्टिकचं, तळाला भोक असलेलं बघा.