आषाढात चूक झाली, आता डोंगऱ्यादेव आलाय. जावं का?

नगरची_लेक:
आम्ही चौघं सुरगाणा तालुक्यातल्या कोकणा आदिवासींच्या एका पाड्यावर चौदा महिने राहतोय. आम्ही ख्रिस्ती. नवरा प्रार्थना घेतो, मी बाळंतिणींकडे बघते. मुलं नऊ आणि पाच वर्षांची, ती माझ्या आधी इथली भाषा बोलायला लागली.

आषाढात पहिल्या पावसानंतर उतारावर तेरा नावाचा रानअळू उगवला. आमच्याकडच्या अळूसारखीच पानं. मी खुडून आणली, खाजू नये म्हणून चिंच घालून भाजी केली. शेजारची आजी दारात आली, पातेल्यात बघितलं आणि चहा न घेता निघून गेली. दुसऱ्या दिवशी लेकीला पोरांनी सांगितलं, "तुम्ही देवाच्या आधी खाल्लंत." तेव्हा कळलं की गावाचा तेरा सण व्हायचा होता. तो घास अजून माझ्या घशाशी आहे.

आता मार्गशीर्ष. आजीचा मुलगा डोंगऱ्यादेवाच्या, म्हणजे डोंगराच्या देवाच्या, व्रतात आहे, अनवाणी, उपाशी. ही माणसं नाचत दारोदार येतात, लोक धान्य घालतात. रात्री बसायला आणि नंतर जेवायला आम्हालाही बोलावलंय. नवरा म्हणतो, जाऊ या. माझं मन कचरतं. धान्य घातलं तर दुसऱ्या देवाला वाहिल्यासारखं होईल का? नाही घातलं तर आजीला दुसऱ्यांदा दुखवेन.

जुनी_परिचारिका:
बाई, आधी आजीकडे जा. "मला माहीत नव्हतं" एवढं म्हणून थांबू नका, सरळ माफी मागा. नव्या पाल्याचा पहिला घास देवाला आणि पूर्वजांना, दिवस गाव ठरवतं, तोवर कुणी खुडत नाही. कोवळ्या रोपाला तेवढीच वाढायला सवड मिळते. मी डांगच्या सीमेवर बावीस वर्षं काढली, पहिल्या वर्षी माझ्याकडूनही असंच काहीसं झालं होतं.

धान्याचं म्हणाल तर आम्ही नागली घालायचो आणि स्पष्ट सांगायचो, ही तुमच्या जेवणासाठी. कुणाला राग आला नाही. जेवणाबाबत बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय नवऱ्यासोबत बसून वाचा. पौल म्हणतो, बोलावलं तर जा, वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. पौर्णिमेला डोंगरावर बकरं, कोंबडं कापतात. तेव्हा कुठलं जेवण ते आजीला आधीच विचारा. ऐन पंगतीत हात मागे घेतला की फार लागतं.

पावरीवाल्याचा_मुलगा:
मी कोकणा आहे, शाळेत शिकवतो. वडील पावरी वाजवतात. भोपळा, बांबू आणि शिंगाचं ते वाद्य रात्रभर वाजतं, अंगावर काटा येतो. जरूर या. चपला लांब काढा, व्रतातल्या माणसांना शिवू नका, फोटो काढू नका. मुलांना थाळावरची, म्हणजे काशाच्या ताटाच्या नादावर गातात ती, गाणी ऐकू द्या. कणसरी म्हणजे आमची धान्याची माता, तिची कथा ऐकल्याशिवाय आमच्या घरात दाणा का सांडत नाहीत ते कळायचं नाही.

एक मनापासून सांगतो. तुम्ही आमचं शिकताय याचा आनंद आहे. पण शिकून झाल्यावर "हे सोडा" म्हणणार असाल तर ते आजच सांगा. आमच्या पाड्यावर असं झालंय. एकाच घरातले दोन भाऊ आता एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

नगरची_लेक:
तुमचं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. आमची श्रद्धा आम्ही लपवत नाही, विचारलं तर सांगतो. पण कुणाच्या भावाला भावापासून तोडून मला देवाचं काम केल्यासारखं वाटणार नाही. हे मी आजीलाही सांगितलं.

सकाळी गेले होते. ती नागली पाखडत होती. मी माफी मागितली. सूप खाली न ठेवताच तिने विचारलं, "चिंच घातली होतीस ना? घसा नाही ना धरला?" मग म्हणाली, पुढच्या आषाढात मी हाक मारीन, तोवर उताराकडे जायचं नाही. पौर्णिमेच्या जेवणाचंही विचारलं. ते वाहिलेलंच असतं म्हणाली, तुमच्यासाठी उडदाचं वेगळं शिजवते.

आज रात्री आम्ही चौघं जातोय. लेकीने पायलीभर नागली आत्ताच काढून ठेवलीय.