मदत हवी आहे: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ ला आधी इंटरकूलर की डाउनपाइप?

नमस्कार मंडळी. माझी ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे, २.० लिटर टर्बो, स्टेज १ रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) झालेली. आता डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) आणि कॅट-बॅक एक्झॉस्ट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सरसकटचा भाग) घ्यायचा विचार आहे. पण नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. दोन-चार ओव्हरटेक केले की इनटेकची हवा तापते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ओढ लगेच कमी होते. म्हणून मला तरी आधी मोठा इंटरकूलरच (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा थंड करणारा रेडिएटर) योग्य वाटतो. तुमचा अनुभव काय?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अजिबात काढायचा नाही. हाय-फ्लो कॅट (धूर जास्त सहज जाऊ देणारा कन्व्हर्टर) लावल्यावर कुणाला चेक इंजिनचा दिवा आला का?

आणि हिंगणा किंवा वाडीकडे स्टेनलेसचं टिग वेल्डिंग नीट करणारं कुणी असेल तर नक्की सांगा.