आगीच्या बंबाचा लाल: शेडकार्डाला जुळवायचा की टायरवरून काढायचा?
(आगीच्या बंबांच्या जुन्या फोटोंचे उडालेले रंग दुरुस्त करण्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

स्लाइडपेटी:
जुन्या स्लाइड स्कॅन केल्या की बरेच जण बंबाच्या दारावर आयड्रॉपर (रंगाचे आकडे मोजणारं सॉफ्टवेअरमधलं साधन) ठेवतात आणि लाल रंग शेडकार्डाच्या आकड्यावर नेऊन बसवतात. जर्मन गाडी असेल तर राल या तिकडच्या रंगमानकातला 3000, आपल्याकडची असेल तर आयएस 5 या भारतीय रंगमानकातला 536. ही पद्धत मुळातच चुकीची आहे.

फिल्ममधला लाल मॅजेन्टा आणि पिवळ्या रंगद्रव्यातून बनतो, त्यात सायन (निळसर-हिरवं रंगद्रव्य) जवळजवळ नसतो. ई-6 ही धुलाईची पद्धत येण्याआधीच्या एक्टाक्रोम स्लाइड फिल्मचा सायन डब्यात, अंधारात राहूनही उडतो. म्हणजे तांबूस होऊन बिघडतात ते टायर, डांबर आणि आकाश. बंबाचा लाल चौकटीत सगळ्यात कमी बिघडलेला असतो, आणि नेमका त्यालाच आधी हात लावला जातो!

स्कॅन 4000 डीपीआय, 16 बिट, ऑटो कलर (सॉफ्टवेअरची आपोआप रंगदुरुस्ती) बंद. टायर करडाच असायला हवा, म्हणजे तिन्ही आकडे जवळपास सारखे; म्हणून टायरचा सावलीतला, धूळ नसलेला भाग मोजा. समजा लाल 70, हिरवा 36, निळा 38 आला. लेव्हल्स या साधनात फक्त लाल चॅनेलचा काळा बिंदू (ज्या आकड्याला शून्य धरायचं तो) 40 वर आणा. टायर 36 वर येतो, दाराचा 210 मात्र 202 च्या आसपास राहतो. डांबर तरीही तांबूस दिसलं तर मधला स्लायडर किंचित हलवा.

उन्हातली प्रिंट:
डबाबंद स्लाइडपुरतं मान्य. पण वर्षानुवर्षं उन्हात टांगलेल्या प्रिंटचं काय? तिथे मॅजेन्टा आणि पिवळाच उडतात, म्हणजे लालाचे दोन्ही घटक. तुमच्या पद्धतीने टायर करडा होईल आणि बंब फिका गुलाबी-नारिंगीच राहील. जी माहिती कागदावर उरलीच नाही ती टायरवरून कशी मिळणार? अशा वेळी शेडकार्डाशिवाय दुसरा आधार नाही. शिवाय एकाच गाडीच्या पाच प्रिंट पाच छटांच्या असतील तर त्यांना एका जागी आणणारं काहीतरी हवंच.

स्लाइडपेटी:
मग ती दुरुस्ती राहत नाही, ते रंगकाम झालं. करा, पण फाइलच्या मेटाडेटात (फाइलसोबतच्या नोंदीत) तसं लिहा. शेडकार्डाचा तुकडा ठरलेल्या प्रकाशात बघायचा असतो. बंबाच्या मडगार्डच्या वरच्या बाजूला आकाशाचं निळं प्रतिबिंब, खालच्या बाजूला डांबराचं. सिंथेटिक इनॅमल उन्हात खडूसारखं पांढुरकं पडतं, ते वेगळंच. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीला 536 चा एकच आकडा कुठून येणार?

काळं छत:
शिकागोचे बंब घ्या, तपासायला उत्तम. खिडक्यांच्या वर काळा, खाली लाल, आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा. काळा भाग तपकिरी दिसत असेल तर सायन गेलेला आहे. दुरुस्तीनंतर काळा भाग निळसर-हिरवा झाला तर तुम्ही जास्त ओढलंय.

ऑटो कलर बंद का, तर बंबाने चौकट व्यापली की सॉफ्टवेअर तो लालच झाक समजून त्यात सायन भरतं आणि क्रोमचा बंपर निळसर-हिरवा होतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत काही ठिकाणी बंब लिंबू-पिवळे रंगवले गेले. तेही ऑटोच्या हाती दिले की फिके पडतात.

कोडाक्रोम ही दुसरी स्लाइड फिल्म असेल तर हे सगळं वेगळं. अंधारात तो फारसा उडत नाही. साध्या प्रोफाइलने स्कॅन निळसर येतो, म्हणून कोडाक्रोमचंच आयटी8 टार्गेट (स्कॅनरचे रंग जुळवायचा नमुना-तक्ता) वापरा. इन्फ्रारेड धूळसफाई बंद ठेवा. त्याचा सायन इन्फ्रारेड शोषतो, त्यामुळे गडद भागातले बारकावे धूळ समजून पुसले जातात. ब्लोअर आणि मऊ ब्रशच बरा.

तिसरा चॅनेल:
छटेवर वाद घालताय, पण खरं नुकसान होतं ते एसआरजीबीत (साध्या स्क्रीनच्या मर्यादित रंगकक्षेत) फाइल काढताना. लाल 255 ला टेकतो, हिरवा आणि निळा शून्याला. बंबाच्या बाजूच्या शटरच्या पट्ट्या, दाराच्या फटी, सोनेरी अक्षरांच्या कडा, सगळं याच दोन चॅनेलमध्ये असतं; शून्याला गेलं की शटर सपाट पत्र्यासारखं दिसतं. मूळ फाइल प्रोफोटो या जास्त मोठ्या रंगकक्षेत ठेवा. एसआरजीबीत नेण्याआधी फक्त लालाची सॅच्युरेशन 8 ते 12 ने उतरवा आणि हिरव्या चॅनेलचा हिस्टोग्राम (आकड्यांच्या वाटपाचा आलेख) शून्याला टेकत नाही ना ते बघा.

उन्हातली प्रिंट:
हे बरोबर. मेटाडेटाचंही पटलं. उन्हात गेलेल्या प्रिंटबद्दल मात्र माझं मत तेच आहे. दोन फाइली ठेवा: एक टायरवरून काढलेली, दुसरी शेडकार्डावरून, नावातच तसं लिहून. आणि शेड लावायची ती कंबरपट्ट्याखालच्या उभ्या पत्र्यावर मोजून, मडगार्डवर नाही.