टिप्याच्या गोचिडी आता भिंतीवर चढायला लागल्यात

सांगलीची_सून

मंडळी, आमच्याकडे टिप्या हा गावठी कुत्रा आहे. वय ४ वर्षं, वजन १८ किलो (धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं, फुकट मनोरंजन झालं बाजारपेठेचं). शिवाय चिंगी ही मांजर, जी रोज टिप्याच्या पोटाशी झोपते. घर जुनं, शहाबादी फरशी, दरजा मोकळ्या झालेल्या.

पाऊस ओसरला आणि गोचिडींनी उच्छाद मांडला. आधी टिप्याच्या कानात आणि पायाच्या बोटांत मिळायच्या. आता पडद्याच्या शिवणीत, दाराच्या चौकटीत, आणि परवा देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर एक जाडजूड बाई सावकाश वर निघालेली. सासूबाईंनी तिथेच निकाल दिला: कुत्रा बाहेर बांधा. बाहेर बांधला की तो गल्लीला झोपू देत नाही.

कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, गोचिडीचा साबण, पावडर, सगळं झालं. आंघोळ घातली की दोन दिवस बरं, मग जैसे थे. दूधवाले काका म्हणतात, म्हशीचं औषध देतो, पाण्यात कालवून फासा, एका दिवसात साफ. आणि दुकानदाराने मानेवर टाकायचे थेंब दिलेत. पाकिटावर फक्त कुत्र्याचं चित्र आहे, पण तो म्हणतो "मांजरीला अर्धं टाका." काय करू?

निवृत्त_पशुधन

ताई, दूधवाल्यांना चहा पाजा, औषध मात्र घेऊ नका.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, जत-आटपाडीकडे. सगळी नोकरी गाईगुरांत गेली, म्हणून त्यांना ते औषध रामबाण का वाटतं हे मला नेमकं कळतं. आपल्याकडे गुरांवर जी गोचीड सर्रास असते, ती पिल्लू असताना एकदा चढली की मोठी होईपर्यंत त्याच जनावरावर राहते. मादी भरली की तेवढी अंडी घालायला खाली पडते. त्यामुळे जनावर नीट फवारलं की बराचसा कारभार उरकतो.

कुत्र्याच्या तांबूस गोचिडीची तऱ्हाच वेगळी. तिची आयुष्यात तीन जेवणं, आणि प्रत्येक जेवणानंतर ती अंगावरून उतरते. सहा पायांचं पिल्लू रक्त पितं, खाली पडतं, फटीत बसून कात टाकतं आणि आठ पायांचं होऊन पुन्हा कुत्रा शोधतं. परत पितं, परत पडतं, कात टाकून मोठं होतं, तिसऱ्यांदा चढतं. तुम्ही पाहिलेली ती जाडजूड बाई, एरंडाच्या बीसारखी फुगलेली, ती शेवटचं जेवण उरकून अंडी घालायला आडोसा शोधत होती. एकेक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते. या जातीला वर चढायची खोडच आहे, म्हणून चौकटी, पडदे, फोटोंच्या मागची जागा. देवाधर्माशी तिचा संबंध नाही, हे सासूबाईंना सांगा.

थोडक्यात, टिप्याच्या अंगावर दिसतात त्या मूठभर, बाकीची वस्ती तुमच्या शहाबादीच्या दरजांत. साबणाने अंगावरच्या मरतात, दोन दिवसांनी दरजांतल्या वर येतात. मोठी गोचीड उपाशीपोटी महिनोन्महिने तग धरते, त्यामुळे कुत्रा बाहेर बांधूनही घर सुटायचं नाही.

म्हणून कुत्रा आणि घर दोन्ही एकाच आठवड्यात धरा. भिंतीलगतच्या फटींवरून व्हॅक्यूम फिरवा, त्यातली पिशवी लगेच घराबाहेर. नसेल तर ताठ ब्रश आणि साबणाचं उकळतं पाणी. टिप्याचं अंथरूण आणि पडदे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. फोटो उतरवून मागून पुसा. मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि "कुत्र्याच्या गोचिडी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो झुरळांची जेल लावून पैसे घेऊन जाईल. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच, कारण अंडी फवारणीला दाद देत नाहीत, ती नंतर फुटतात. त्यानंतर दरजा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. माझ्या मते सगळ्या औषधांपेक्षा हे सिमेंट जास्त काम करतं.

अंगावरची काढताना चिमटा अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. घासलेट नको, पेटती काडी तर मुळीच नको. बोटांनी चिरडू नका, साबणपाण्याच्या वाटीत टाका.

टेकडीवरचा

आमच्या लॅब्रॅडॉरला गोळी सुरू केली आणि आंघोळी-पावडरी बंद. डॉक्टरांनी फ्लुरालॅनर दिलं, बारा आठवड्यांची एक. महिन्याला द्यायच्याही मिळतात (अफॉक्सोलॅनर, सारोलॅनर). पण गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसली होती. डुप्लिकेट माल?

निवृत्त_पशुधन

नाही हो. गोळीचं औषध रक्तात असतं, गोचिडीने चावून रक्त प्यायल्याशिवाय ती मरणार कशी? चढलेली दिसणारच. अंगावर फुगलेली सापडायला लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

ताई, ही गोळी वजनाच्या टप्प्यांवर मिळते. टिप्या १८ किलोचा, म्हणजे फ्लुरालॅनरच्या १० ते २० किलोच्या टप्प्यात. खाण्याबरोबर द्यायची. त्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. या जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये फिटची सूचना काढलेली आहे. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण डॉक्टरला माहीत हवं.

बोक्याची_आई

सून, ते थेंब चिंगीला अजिबात टाकू नकोस. अर्धे नाही, पाव नाही! पाकीट उलटं करून घटक वाच. परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असेल तर मांजरीला ते विष आहे. तिच्या यकृताला ते मोडता येत नाही, थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. आणि ती टिप्याला बिलगून झोपते म्हणालीस ना? मग टिप्यालाही परमेथ्रिनचे थेंब नकोत, ओल्या अंगाला घासून किंवा चाटूनही तिला पोचतं. दूधवाल्यांच्या बाटलीत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असणार, मांजरीला त्यातलं एकही नको. टी ट्री ऑइल, फिनेल, कापूरही तिच्यापासून लांब.

चिंगीच्या अंगावर मला गोचिडीपेक्षा पिसवांचा संशय जास्त येतोय. बारीक दातांच्या कंगव्याने शेपटीच्या मुळाशी विंचर, निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेव. भोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तसं निघालं तर मांजरीसाठीचं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन, तेही वजन सांगून डॉक्टरांकडूनच. आणि जंताचं औषध विचार, कारण चाटताना पिसू पोटात गेली की तिच्यातून पट्टकृमी होतो.

एक चीड आणणारी गोष्ट: पिसवांचे कोश औषधाला बधत नाहीत. सगळं केल्यावरही नव्या उड्या मारताना दिसतील. व्हॅक्यूम चालू ठेव, त्याच्या हादऱ्याने त्या कोशातून लवकर बाहेर पडतात आणि मग औषधाच्या तावडीत येतात.

काजूबाग

मी बांद्याजवळचा. आमच्याकडे २०१६ नंतर माकडतापाने दोडामार्ग, सावंतवाडीत माणसं गेली, तेव्हापासून गोचीड म्हटलं की शेजारी कुत्र्याकडेच बघतात. आमच्या वाडीत दोघांनी कुत्रे सोडून दिले. घरातल्या गोचिडीने माकडताप होतो का?

निवृत्त_पशुधन

माकडताप मुख्यतः पसरवते ती जंगलातली वेगळी गोचीड, हिमाफायसॅलिस. आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात. तुमची भीती खोटी नाही, पण ती काजूच्या बागेत पाचोळ्यात बसण्याची, मेलेल्या माकडाजवळ जाण्याची धरा. कुत्रा रानात हिंडत असेल तर तिथली गोचीड अंगावर घेऊन येऊ शकतो, म्हणून रोज तपासा. सोडून देऊन काय साधतं? तोच कुत्रा रानात जातो आणि वाडीत परत येतो.

सांगलीची_सून

थेंब परत केले. दुकानदार म्हणाला "आम्ही पण टाकतो हो मांजरीला." मी म्हटलं, तुमची मांजर दाखवा. दाखवली नाही.

चिंगीची पूड टिश्यूवर लाल झाली. बोक्याची_आई, नमस्कार घ्या.

आता खरी काळजी. टिप्या कालपासून भाकरीला तोंड लावत नाही, अंग गरम लागतंय, आज सकाळी नाकातून थोडं रक्त आलं. क्रोसिन देऊ का थोडी?

निवृत्त_पशुधन

काहीही देऊ नका आणि उद्यावर टाकू नका, आजच न्या. हा गोचीडताप असू शकतो. त्यातला एर्लिकिया हा जंतू रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) पाडतो, म्हणून नाकातून रक्त. बॅबेसिया हा दुसरा जंतू असेल तर लघवी कॉफीसारखी गडद होते, तेही बघून सांगा. प्लेटलेटसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सांगा. सध्या झोंबाझोंबी, पट्टा ओढणं बंद.

सांगलीची_सून

प्लेटलेट ४२ हजार. एर्लिकिया निघालं. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, रिकाम्या पोटी नाही. संध्याकाळी दहीभात दोन घास खाल्ला. डॉक्टर म्हणाले, बरा दिसला तरी मधेच सोडायची नाही.

फवारणी शनिवारी. चिंगीला कुठे ठेवू?

बोक्याची_आई

गच्चीवरच्या खोलीत, माती-पाणी-खाणं देऊन, दार बंद. फरशी पूर्ण वाळून घरात वारा फिरेपर्यंत आणू नकोस, मी तर एक रात्र ठेवते. माशांची टाकी असेल तर झाक आणि पंप बंद कर. आणि तिला पिसवांचं औषध शनिवारच्या आधीच लाव, नाहीतर ती वरच्या खोलीत पिसवा सांडून येईल.

सांगलीची_सून

टाकी नाही. पांढरं सिमेंट आणलंय, दरजा भरायला सासूबाई स्वतः बसणार आहेत.